डावी शिफ्ट

चंद्रावतीबाईंनी गाणं बंद केलं त्याला आज चौथा दिवस. जेवण वेळेवर मिळत होतं, चहाही वेळेवर येत होता, फक्त कप टेबलावर आदळत होता. पनवेलजवळच्या सुकापूरच्या त्या घरात कमळाकर भोपी कॉम्प्युटरसमोर नुसते बसून होते. 'पुढचा धवला सांग' असं म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

धवला म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मध्येच अडवाल. आगरी लग्नात धवलारीण मांडवात बसून जी गाणी म्हणते, ते धवले. हळद लागताना वेगळा, नवरा दारात आला की वेगळा, नवरी निघाली की आणखी वेगळा. चंद्रावतीबाईंना असे ऐंशीच्या वर धवले येत. सासूकडून ऐकलेले, सासूने तिच्या सासूकडून ऐकलेले. कागदावर एक अक्षर नाही, सगळं तोंडात. म्हणून त्यांच्या लेकीने, उलव्याला राहणाऱ्या पूर्वीने, टुमणं लावलं होतं. "बाबा, जन्मभर लोकांचे अर्ज टाइप केलेत. आता आईचे धवले टाइप करा. पुस्तक काढू या."

आणि कमळाकर म्हणजे साधासुधा टंकलेखक नव्हे हो! कचेरीत चौतीस वर्षं. मशीनवर बसले की खडखडाट असा, की बाहेर बसलेले पक्षकार डोकावून जायचे. कळांकडे बघायचं नाही, उमटणाऱ्या अक्षरांकडेही बघायचं नाही, नजर फक्त मूळ कागदावर, ही त्यांची शिस्त. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर आला, तो म्हातारा झाला, तेव्हा उरण नाक्याजवळच्या नियाजने त्यात लिनक्स नावाचं हलकं सॉफ्टवेअर टाकून दिलं. "काका, जुन्या मशीनला हेच झेपेल," तो म्हणाला, आणि ते झेपलं. शिस्त मात्र तीच राहिली. चंद्रावती गाणार, हे तिच्या तोंडाकडे बघत टाइप करणार. शब्दांखाली लाल रेघा यायच्या, पण त्या तर सगळ्याच शब्दांखाली यायच्या. मशीनला आगरी कुठून कळणार? कमळाकरांनी त्या रेघांकडे बघणंच सोडून दिलं होतं. असे अडतीस धवले झाले.

मग आला रविवार. पूर्वी आली, छापलेले कागद तिने हौसेने हातात घेतले आणि चहा पिता पिता मोठ्याने वाचायला लागली.

"मांडवाचे दारी गो गोडा तांबला, बावानं दरली वाट..."

चंद्रावतीबाईंचा कप तोंडाशी थांबला. "काय वाचलंस?"

"थांब गं, पुढे किती छान आहे! नवरीचे कोप्यात सेवंतीचं पूल..."

"पूल?" चंद्रावतीबाई म्हणाल्या. "कोनचा पूल? खाडीवरचा?"

पूर्वी हसली आणि हसता हसता बोलून गेली, "मला वाटलं, गावाकडे असंच म्हणतात. तू असंच म्हणतेस ना?"

झालं! पोरीच्या मनात काही नव्हतं. पण चंद्रावतीबाईंनी कागद हातात घेतला. चौथीपर्यंत शाळा झालेली, एकेक अक्षर लावत वाचतात, पण वाचतात. घोडा तिथे गोडा. भावानं तिथे बावानं. फुलाचा पूल. आणि वर, ठळक अक्षरांत, प्रत्येक पानावर, दवला.

"मी धवलारीन हाय," त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. "दवलारीन नाय."

आता हे नीट समजून घ्या. चंद्रावतीबाईंच्या बोलीत 'तुम्ही'चं 'तुमी' होतं, 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो. ती त्यांची बोली आहे आणि तिचा त्यांना अभिमान आहे. पण ध, भ, घ, ख ही जड अक्षरं त्यांच्या गळ्यातून अशी ठणठणीत निघतात की मांडवाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जावीत. शहरातले लोक गावच्या माणसाची नक्कल करताना मात्र सगळंच बोबडं करून टाकतात. तीच नक्कल छापून समोर आली होती, तीही घरच्या माणसाच्या हातची.

आणि घरच्या माणसाचा इतिहास काही स्वच्छ नव्हता. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. सरकारी कॉलनीत राहत होते. साहेबांच्या बायकोसमोर चंद्रावती काहीतरी बोलली आणि कमळाकरांनी तिची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. कमळाकरही हसले. घरी आल्यावर ती एक शब्द बोलली नाही, यांनीही विषय काढला नाही, आणि त्या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली.

"अगं, कीबोर्ड बिघडलाय!" कमळाकर म्हणाले.

"कीबोर्डाला कोनी शिकवली गावची बोली?" चंद्रावतीबाईंनी कागद टेबलावर ठेवले. "चालीस वरसां झाली, तुमची मस्करी काय गेली नाय. आता माझा एक शब्द मिलाचा नाय तुमाला."

एवढं बोलून त्या आत गेल्या. अडतीस धवले असे उमटलेले आणि चाळीसेक त्यांच्या पोटात, कुलूपबंद. पूर्वीने आईला समजावून पाहिलं, मग बापाकडे रागाने बघितलं आणि उलव्याला निघून गेली.

तर चौथ्या दिवशी कमळाकरांनी कीबोर्ड काढला, पिशवीत घातला, मशीनचा डबाही घेतला आणि रिक्षाने थेट नियाजचं दुकान गाठलं. मशीनचा दोष सिद्ध करायचा, नियाजच्या तोंडून वदवून घ्यायचा, आणि घरी जाऊन ताठ मानेने सांगायचं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

नियाज पनवेलचाच. बारा वर्षं आखातात काढून आलेला, शांत डोक्याचा माणूस. त्याने कागद वाचले, दोनदा वाचले. "काका, एक विचारू? यात अ, आ, इ सगळं बरोबर आलंय. नुसती जड अक्षरं हलकी झालीत. असं का?"

याचं उत्तर कमळाकरांकडे तयार होतं. मराठीच्या कीबोर्डवर 'द' दाबला की द उमटतो, आणि शिफ्ट धरून तोच दाबला की ध. ब आणि भ, ग आणि घ, प आणि फ, सगळ्यांचं तसंच. ही अक्षरं उजव्या हाताकडे. आणि नियम असा, की अक्षर उजव्या हाताचं असेल तर शिफ्ट डाव्या करंगळीने धरायची, डाव्या हाताचं असेल तर उजव्या करंगळीने. अ, आ, इ यांनाही शिफ्ट लागते, पण ती डावीकडे. त्यांची उजवी शिफ्ट ठीक आहे.

"म्हणजे डावी शिफ्ट गेली," कमळाकर विजयाने म्हणाले. "लिहून दे मला तसं."

"लिहून काय द्यायचं त्यात?" नियाज हसला. "बदलूनच देतो ना."

त्याने फळीवरचा नवा कीबोर्ड काढून जोडला. कमळाकरांनी बाह्या सावरल्या आणि खडखड एक ओळ हाणली. दोघांनी पडद्याकडे पाहिलं.

बरल्या मांडवाकाली तोरली जाव.

"अरेच्चा!" नियाज म्हणाला. "मग कीबोर्ड नाही. लिनक्समध्येच काहीतरी असणार."

तो सेटिंगमध्ये शिरला. मराठीची मांडणी बरोबर होती. चिकट कळांची सोय, म्हणजे शिफ्ट दाबून सोडली तरी ती पुढच्या अक्षराला लागू होते ती, बंद होती. कळ बराच वेळ धरल्याशिवाय मोजायची नाही अशी एक सोय असते, तीही बंद. नवा युझर करून पाहिला. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तेच, बरल्या मांडवाकाली. कमळाकरांच्या कपाळावर घाम आला. यात मशीन निर्दोष सुटलं तर घरी काय सांगायचं?

शेवटी नियाजने पडद्यावर काळी खिडकी उघडून तीन अक्षरांचा एक हुकूम टाइप केला. लहानशी पांढरी चौकट उघडली. "आता बघा काका. इथे खोटं बोलता येत नाही. कुठलीही कळ दाबली की ओळ उमटणार, सोडली की दुसरी ओळ उमटणार."

त्याने स्वतः डावी शिफ्ट दाबली. ओळ आली. सोडली, ओळ आली. वीस वेळा दाबली, वीस वेळा आली.

"आता तुम्ही. नेहमीसारखं टाइप करा, माझ्याकडे बघत."

कमळाकरांनी नियाजच्या दाढीकडे बघत 'धवला' टाइप केलं. नियाजने ओळी खालून वर वाचल्या, मग वरून खाली. द होता. व होता. शिफ्टची ओळ नव्हतीच.

"पुन्हा करा."

पुन्हा केलं. पुन्हा नव्हती. नियाज आता पडद्याकडे बघत नव्हता. तो कमळाकरांच्या डाव्या हाताकडे बघत होता. हळूच, आवाज खाली आणून तो म्हणाला, "काका, तुम्हाला वाटतंय का, की तुम्ही शिफ्ट दाबताय?"

"वाटतंय म्हणजे? दाबतोच आहे!"

"करंगळी कळेच्या वर राहते. टेकतच नाही."

कमळाकरांनी आयुष्यात पहिल्यांदा टाइप करताना स्वतःच्या हाताकडे पाहिलं. करंगळी खरंच वर होती. खाली जा म्हणून मनातून सांगितलं, तर थोडीशी हलली आणि तिथेच राहिली. गणपतीपासून शर्टाचं बटण लागत नव्हतं, म्हणून ते बिनबटणांचे शर्ट घालत होते, परवा हातातून वाटी निसटली होती. वय झालं, चालायचंच, असं म्हणून ते सोडून देत होते. पण हे बोट! याच बोटावर जिल्ह्याच्या परीक्षेत पहिला नंबर आला होता.

"डॉक्टरला दाखवा," नियाज म्हणाला. "माझ्या मामूला असंच झालं होतं. कोपराजवळची नस दबली होती, वर्षानुवर्षं टेबलावर कोपर टेकून. बरा झाला तो, अल्लाहच्या मेहेरबानीने. आणि तोवर मी ती चिकट कळांची सोय चालू करून देतो. शिफ्ट कुठल्याही बोटाने एकदा दाबायची, सोडायची, मग निवांत अक्षर दाबायचं."

"एकेक कळ? शोधत शोधत?" कमळाकर उसळले. "ते नवशिक्यांचं काम. मला नको."

"काका..."

"नवा कीबोर्ड तेवढा दे."

"अहो पण कीबोर्ड चांगला आहे तुमचा!"

"दे म्हणतो ना!"

नियाजने हात टेकले आणि दिला.

रिक्षात बसल्यावर कमळाकरांचं मन त्यांना खात होतं. पण करणार काय? बायकोला सांगायचं, की मशीन बरोबर आहे आणि मीच मोडीत निघालोय? त्यापेक्षा कीबोर्ड मोडला म्हणणं बरं. सगळा गुन्हा कीबोर्डाच्या माथी मारायचा, तो काही अपील करणार नाही. कचेरीतल्या माणसाला अशा युक्त्या सुचतात.

घरी येऊन त्यांनी सगळं जोडलं आणि हाक मारली. चंद्रावतीबाई दारात आल्या, उंबऱ्याच्या आत पाऊल नाही.

"कीबोर्डच खराब होता. नियाजने सांगितलं. हा बघ नवा."

"लिवा बघू. धवला लिवा."

कमळाकरांनी शिस्त मोडली. खाली बघितलं, डावा हात अख्खा उचलून करंगळीसकट शिफ्टवर टेकवला आणि उजव्या हाताने द दाबला. पडद्यावर उमटलं, धवला. चंद्रावतीबाईंनी जवळ येऊन अक्षर लावून पाहिलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. कमळाकरांना वाटलं, सुटलो!

पण ती धवलारीण. तिला ताल कळतो. एक शब्द टाइप करायला एवढा वेळ? "आता भरभर लिवा," त्या म्हणाल्या आणि तिथेच उभ्या उभ्या, चार दिवसांत पहिल्यांदा, त्यांनी गळा मोकळा सोडला.

"भावाचे घरची गो भरली घागर, थोरले जावेनं धरली..."

चार दिवसांनी तो आवाज कानावर पडला आणि कमळाकर सगळं विसरले. हात आपोआप चालायला लागले. नजर बायकोच्या तोंडावर, बोटं कळांवर, खडखड खडखड. ओळ संपली. चंद्रावतीबाई वाकल्या.

"बा-वा-चे गर-ची," त्यांनी वाचलं. "गो... बरली गागर."

कमळाकरांनी डोळे मिटले. आता कागद भिरकावले जातील, कुलूप कायमचं लागेल, असं त्यांना वाटलं. पण काहीच झालं नाही म्हणून त्यांनी डोळे उघडले, तर ती पडद्याकडे बघतच नव्हती. त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. करंगळी अजून हवेत होती.

त्यांनी खुर्ची ओढली, नवऱ्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि करंगळीचं टोक चिमटीत धरून दाबलं. "लागतंय?"

"नाही."

त्यांनी नख रुतवलं. "आता?"

"नाही गं."

"कवापासून?"

"गणपतीपासून असेल."

"नि मना सांगितलं नाय! बटन लागत नाय तर शर्ट बदलतंय मानूस, बायकोला सांगत नाय! काय म्हनावं ह्या मानसाला?" चंद्रावतीबाईंचा पारा पुन्हा चढला, पण डोळे भरून आले होते आणि हात काही त्यांनी सोडला नव्हता. "कीबोर्ड खराब म्हनं!"

"कीबोर्ड चांगलाय," कमळाकर म्हणाले. "जुना पण चांगला होता. मीच बिघडलोय. पण चंद्रा, मी मस्करी नव्हतो करत. देवाशपथ. मला दिसलंच नाही, काय उमटतंय ते."

"ते कललं आता."

खरं तर इथे थांबता आलं असतं. बायको निवळली होती, विषय संपला होता. चाळीस वर्षं ते असेच वेळेवर थांबत आले होते. पण त्या दिवशी ते थांबले नाहीत.

"कॉलनीत मात्र केली होती मस्करी," ते म्हणाले. "साहेबांच्या घरी."

चंद्रावतीबाईंची चिमटी त्यांच्या करंगळीवर थांबली.

"चुकलं माझं. त्याच रात्री सांगायला हवं होतं. लाज वाटली मला."

"माझी?"

"माझी स्वतःची. हसल्यावर. मग दिवस जात गेले, आणि बोलायचं राहूनच गेलं."

"मना वाटलं, तुमी इसरलात."

"नाही. एक दिवस नाही."

चंद्रावतीबाईंनी पदराने नाक पुसलं, बराच वेळ पुसलं. मग त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली, अगदी डावीकडे, आणि विचारलं, "ती शिफ्ट का काय, ती कोनची?"

"ही. खालची."

त्यांनी हळदीने पिवळं झालेलं बोट त्या कळेवर ठेवलं. "तुमी बाकीचं लिवा. ही मी दाबतंय."

"तुला कळेल का, कधी दाबायची?" कमळाकर घाईने म्हणाले. "मी सांगतो, जड अक्षर आलं की..."

"तुमी मना सांगनार, माझे गान्यात जड कवा येतंय ते?"

त्यांनी गायला सुरुवात केली, यांनी टाइप करायला. पहिल्यांदा बोट जास्त वेळ राहिलं आणि भलतंच काहीतरी उमटलं, 'भ'ला काना लागायच्या ऐवजी त्याच्यापुढे अख्खा 'आ' येऊन बसला. चंद्रावतीबाई हसल्या. दुसऱ्यांदा उशीर झाला. तिसऱ्यांदा एकदम नेमकं पडलं. गळा 'घ'वर आला की बोट खाली, गळा पुढे गेला की बोट वर. कमळाकरांनी वेग कमी केला, मग तिच्या तालावर सोडून दिला. चौतीस वर्षांत त्यांच्या मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता त्यांनी.

ओळ पुरी झाल्यावर त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली, तिच्या बोलीत, जशी होती तशी. "भावाचे घरची गो भरली घागर, थोरले जावेनं धरली वाट."

चंद्रावतीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "हां," त्या म्हणाल्या. "आता कसं, माझं वाटतंय."

"पुढचा सांग."

"पुढचा उद्या. आधी डागतर." त्या उठल्या आणि खुंटीवरचा नवऱ्याचा बटणांचा शर्ट काढून घेऊन आल्या. "हात घाला."

कमळाकरांनी हात घातले. चंद्रावतीबाईंनी खालपासून एकेक बटण लावायला घेतलं. त्यांच्या तोंडात धवला चालूच होता, पुढचा, उद्या सांगणार होत्या तोच. कमळाकर मान वर करून उभे राहिले आणि तो पाठ करत राहिले.